आखीव रान

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 44 ने दक्षिणेला निघाले की पांढरकवडा मागे पडते, पैनगंगेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे तेलंगण सुरू होते. पाट्यांवरची लिपी बदलते, शिवार बदलत नाही. तीच काळी माती, तोच कापूस, तूर, सोयाबीन आणि बांधावरचा पळस. आदिलाबादच्या बाजारात मराठीत विचारले तर मराठीतच उत्तर येते, कारण हा मुलूख आपल्याला परका कधी नव्हताच. किनवट आणि राजुरा हे आजचे महाराष्ट्रातले तालुके 1956 च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत हैदराबाद राज्यातल्या याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. मुंबईकडून येणाऱ्याला नंदीग्राम एक्स्प्रेस नांदेड-किनवटमार्गे थेट आदिलाबादला आणून सोडते.

आपल्याला मात्र शहरात थांबायचे नाही. आदिलाबादहून गुडिहतनूर आणि इंद्रवेल्लीमार्गे आग्नेयेला पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेले की उटनूर येते. अजिंठ्याकडून पूर्वेला सरकत आलेली सातमाळ्याची रांग या जिल्ह्यात पसरून रुंद होते. जुन्या गॅझेटियरांनी तिला ‘सह्याद्रिपर्वत’ असेही नाव दिले असून वायव्येकडून आग्नेयेकडे तिची लांबी सुमारे 175 मैल नोंदवली आहे. उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि मधोमध हे डोंगर, दऱ्या आणि सपाट माथे. माथ्यावर काळी कसदार जमीन, उतारावर साग आणि बांबू. पाणी दक्षिणेकडे कडेम नदीला मिळते. ती नेरडिगोंडाजवळ कुंतला धबधब्यात सुमारे 45 मीटर खाली कोसळते आणि पुढे गोदावरीला जाते. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. उटनूर, इंद्रवेल्ली, केस्लापूर आजच्या आदिलाबादेत राहिले, जन्नारम मंचिर्यालला, कडेम निर्मलला आणि जोडेघाट कुमराम भीम आसिफाबादला गेले. हे रान समजून घ्यायचे तर चारही जिल्हे एकत्र धरावे लागतात.

कवाल अभयारण्य 1965 मध्ये झाले आणि 2012 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा सुमारे 893 चौरस किलोमीटरचा, त्याभोवतीचा राखीव पट्टा त्याहूनही मोठा. उटनूरहून जन्नारमकडे जाणारा रस्ता या गाभ्यातूनच जातो. पावसाळा सरता सरता या वाटेने जावे. सागाचे पान खाली पडलेले दिसले तर उचलून उजेडासमोर धरावे. एक बारीक अळी त्यातला हिरवा गर तेवढा खाऊन टाकते आणि शिरा शिल्लक ठेवते, त्यामुळे तळहाताहून मोठे पान तपकिरी जाळीसारखे दिसते. अशी जाळी झालेली पाने एखाद्या वर्षी डोंगरच्या डोंगर भरून असतात आणि नवख्याला वाटते की रान वाळले. रान वाळलेले नसते. सागाबरोबर ऐन, धावडा, मोह, तेंदू, चारोळी असते, ओढ्याकाठी बांबूची बेटे असतात. चितळ, सांबर, नीलगाय, चौशिंगा, गवा, अस्वल, रानकुत्री, बिबट्या इथे आहेत. जन्नारमला तेलंगण पर्यटन विभागाचे निवासस्थान आणि वनविभागाची सफारी आहे. पण वाघ दिसेल या आशेने येणाऱ्याने ताडोब्याला जावे. 2022 च्या व्याघ्रगणनेत ज्या प्रकल्पांत वाघ आढळला नाही, त्यांत कवालचे नाव होते.

म्हणून काय हे रान पाहण्याजोगे नाही? मला तर भारतातल्या मोजक्या शिकवणाऱ्या रानांपैकी हे एक वाटते. कारण इथे झाडांबरोबर ‘राखीव’ या गोष्टीचा पूर्ण इतिहास उघड्यावर पडलेला आहे, आणि ज्यांच्या शेतांवरून ती रेषा ओढली गेली त्यांची नातवंडे-पतवंडे अजून तिथेच राहतात.

जगात सगळीकडे असे झालेले नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एकेका मालकाच्या प्रचंड इस्टेटी आहेत. मोकळ्या दऱ्या, हरणांचे कळप, मैलोन्‌मैल घर नाही. पर्यटकाला ते निसर्गाचे मूळ रूप वाटते. प्रत्यक्षात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मेंढ्या पाळण्यासाठी जमीनदारांनी कुळांना त्या दऱ्यांतून हुसकावले, पुढे श्रीमंतांच्या शिकारीसाठी तिथे हरणे राखली गेली. मार लॉज ही एकोणतीस हजार हेक्टरांहून मोठी इस्टेट 1995 पासून स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि तिथे जुने पाईन वृक्षांचे रान पुन्हा उगवू दिले जात आहे. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये कोणालाही कोणाच्याही माळावरून जबाबदारीने पायी फिरण्याचा हक्क मिळाला. पण दऱ्यांतून गेलेली माणसे परत आली नाहीत. उटनूरच्या पठारावर माणसे गेली नाहीत. काढली गेली, परत आली, पुन्हा काढली गेली, पुन्हा आली.

हा डोंगरी मुलूख चांद्याच्या गोंड राज्याचा भाग. नागपूरच्या भोसल्यांनी 1751 मध्ये चांदा घेतला आणि पुढे पैनगंगेच्या दक्षिणेचा हा प्रदेश निजामाकडे गेला, तरी डोंगरात सत्ता गोंड राजे आणि मोकाशी यांच्याच हाती राहिली. उटनूरला आत्राम घराण्याची गढी होती, जुन्या किल्ल्याचे अवशेष आजही गावात आहेत. राज गोंड माथ्यावरच्या काळ्या जमिनीत बैल-नांगराने ज्वारी पिकवत. जमीन थकली की ती पडीक टाकून दुसरीकडे वसती हलवत. कोलाम त्यांच्याही वर, तीव्र उतारावर कुदळीने टोकून पेरत. कागदावर मालकी नसली तरी प्रत्येक गावाची शीव देवांनी आखलेली होती आणि कोणाची जमीन कुठे संपते हे सगळ्यांना ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारच्या वनखात्याने या डोंगरांची मोजणी केली आणि राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या. सागाला बाजार होता. बांबूलाही आला, कारण 1938 मध्ये सिरपूर पेपर मिल्सची स्थापना झाली आणि 1942 पासून कागद निघू लागला. त्या गिरणीभोवतीचे गाव आजचे कागजनगर. हद्द आखली त्या दिवशी जी जमीन विसाव्याला पडीक ठेवलेली होती, ती ‘जंगल’ ठरली. चालू पेऱ्याखालच्या शेताभोवती एखादे कुंपण मिळाले, बाकीचे शेत राखीव. गुरे चारली तर दंड, लाकूड तोडले तर दंड आणि दंड चुकवायचा तर लाच. बिनपट्ट्याच्या वस्त्या उठवल्या गेल्या, घरे जाळली गेली. दुसऱ्या बाजूने रस्ते आले, रस्त्यांबरोबर मैदानातले शेतकरी आणि सावकार आले, आणि ज्यांना अर्ज लिहिता येत होता त्यांच्या नावावर पट्टे झाले.

कुमराम भीम या पेचातून उभा राहिला. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा गोंड तरुण. जमिनीच्या भांडणात हातून खून झाल्यावर तो चांदा आणि आसामच्या चहामळ्यांपर्यंत भटकून आला असे सांगतात. परतल्यावर त्याने जोडेघाट-बाबेझरी परिसरातल्या बारा गावांसाठी मागणी मांडली : कसायला जमीन, वापरायला जंगल आणि अधिकाऱ्यांच्या जाचातून सुटका. अर्ज झाले, बोलणी फिसकटली आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही आज देशभर ऐकू येणारी घोषणा त्याच्या नावाशी जोडली जाते. त्याची पुण्यतिथी इंग्रजी तारखेने होत नाही. अश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला, लोक जोडेघाटला जमतात. 2022 च्या ‘आरआरआर’ चित्रपटातला भीम काल्पनिक आहे. केरामेरीचा घाट ओलांडून जोडेघाटला गेले की खऱ्या भीमाचा पुतळा आणि गोंड जीवनाचे संग्रहालय पाहायला मिळते. तिथल्या कड्यावर उभे राहून खालची दरी पाहिली की एवढ्या अडचणीच्या जागी बारा गावे मागणाऱ्याला शेवटी किती थोडे हवे होते, ते कळते.

गोळीबारानंतर सरकारला कारणे शोधावीशी वाटली, हे त्या काळी थोडे नव्हते. हे काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. दुसऱ्या महायुद्धामुळे त्याची गणना शत्रुराष्ट्राच्या नागरिकांत झाली होती आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जायला त्याला मनाई होती. त्याने पत्नी बेट्टीसह उटनूरच्या पूर्वेला मार्लवाई नावाच्या गोंड गावात गवती छपराचे घर बांधून मुक्काम केला. त्याचे अहवाल वाचताना जाणवते की तो प्रत्येक गावाचे दुखणे गावाच्या नावासह सरकारपुढे ठेवत होता. पुढे तो संस्थानाचा आदिवासीविषयक सल्लागार झाला. 1943 पासून मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. 1940 च्या दशकात एक लाख एकराहून जास्त जमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावे झाले. आज उटनूर भागात एखाद्या गोंड कुटुंबाकडे जुना पट्टा असेल, तर त्याचे मूळ बहुधा त्याच वर्षांत सापडते.

या कामात एक मराठी माणूस होता आणि त्याला आपण वेगळ्याच कारणाने ओळखतो. सेतुमाधवराव पगडी म्हटले की शिवकाल आणि फारसी कागदपत्रे आठवतात. हैदराबाद संस्थानाच्या सनदी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंडांत राहिले, गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि 1949 मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केले. मराठवाड्यातल्या निलंग्यात जन्मलेल्या या अधिकाऱ्याला डोंगरात भाषेची अडचण इतरांपेक्षा कमी वाटली असावी. गोंडांच्या वंशकथा कीकरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान जमातीचे लोक घरी मराठी बोलतात आणि गाथा गोंडीत गातात. एका जमातीचा इतिहास दुसऱ्या जमातीने, तोही आपल्या मातृभाषेबाहेर, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवावा, ही व्यवस्था मला थक्क करते. पगडींचे हे काम महाराष्ट्रात जितके वाचले जायला हवे तितके वाचले गेले नाही.

बेट्टी 1987 मध्ये हैदराबादला वारल्या आणि त्यांचे दफन मार्लवाईला झाले. हायमेनडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले. पुढे त्यांचा रक्षाकलशही पत्नीशेजारी आणला गेला. गावात त्या दोघांच्या समाध्या आहेत. याच गावचे कनक राजू गुसाडी नृत्याचे गुरू होते. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 च्या दिवाळीच्या तोंडावर ते गेले. दिवाळीच्या आधीचे दिवस या पठारावर यायला सर्वांत चांगले, कारण तेव्हा दंडारी हा गोंडांचा नाचाचा सण चालू असतो. गुसाडी झालेला पुरुष अंगाला राख फासतो, खांद्यावरून कातडे घेतो, गळ्यात माळा घालतो आणि डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप चढवतो. एका गावाची दंडारी दुसऱ्या गावाची पाहुणी होते. यजमान गाव जेवण घालते, रात्रभर नाच होतो आणि बऱ्याच सोयरिकी या भेटींतूनच जुळतात. पाहुण्याने दूर बसून पाहावे, टोपाला हात लावू नये आणि फोटो काढण्याआधी गावच्या पटेलला विचारावे. गुसाडीच्या दिवसांत ते वेष देवाचे असतात.

आणि पौष अमावास्येला केस्लापूर. इंद्रवेल्लीजवळच्या या लहानशा गावात नागोबा हे मेस्राम कुळाचे दैवत आहे. जत्रा काही दिवसांची, पण तिची तयारी कित्येक आठवडे चालते. मेस्राम मंडळी अनवाणी निघतात, गावोगावी मुक्काम करत जन्नारमकडच्या हस्तिनमडुगू या गोदावरीच्या डोहापर्यंत जातात, तिथले पाणी झारीत भरतात आणि तसेच चालत परततात. वाट कवालच्या रानातून आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या नकाशावर ती वाट म्हणून दिसत नाही, पण प्रकल्पाहून ती जुनी आहे. परतल्यावर मुक्काम पडतो तो केस्लापूरच्या वडांखाली. वर्षभरात गेलेल्यांचे विधी आधी होतात, मग अमावास्येच्या रात्री महापूजा.

देवळाजवळच्या आवारात चुली मांडलेल्या असतात, मोजून बावीस. हजारो मेस्रामांचा स्वयंपाक त्या बावीस चुलींवरच व्हायचा, आणि कोणत्या चुलीवर कोणाचा हक्क हे शाखेनुसार ठरलेले. बाया पाळीची वाट पाहत बसतात. घाई करत नाहीत. मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून येतात. कुळात लग्न होऊन आलेली सून इथे येऊन नागोबाला भेटल्याशिवाय कुळदेवाच्या पूजेत बसू शकत नाही. पांढरी साडी नेसून, तोंडावरून पदर ओढून नव्या सुना रांगेने जातात, आणि वडीलधाऱ्या बाया एकेकीची देवाशी ओळख करून देतात. या कार्यक्रमाला भेटिंग म्हणतात. त्यांत यवतमाळच्या आणि चंद्रपूरच्या सुनाही असतात, कारण मेस्राम पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आहेत. कुळाने स्वतः वर्गणी काढून उभारलेल्या नव्या दगडी देवळाची प्रतिष्ठापना 2022 च्या डिसेंबरात झाली.

जत्रेतला दरबारही पाहावा. जिथे इतकी माणसे आपणहून जमतात तिथेच अधिकाऱ्यांनी येऊन गाऱ्हाणी ऐकावीत, अशी कल्पना हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात मांडली. तेव्हापासून केस्लापूरला दरबार भरतो. माणसे कागद घेऊन उभी असतात आणि कागदावर बहुतेक वेळा एकच विषय असतो : जमीन.

केस्लापूरहून इंद्रवेल्ली जवळ आहे. गावाबाहेर एक उंच लाल स्मृतिस्तंभ आहे. 20 एप्रिल 1981 रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी गोंड शेतकरी-मजुरांची सभा होणार होती, परवानगी ऐन वेळी नाकारली गेली आणि दुरून चालत आलेल्यांना ते कळलेच नाही. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. गावकरी आणि नागरी हक्कांच्या संघटना तो कितीतरी मोठा सांगतात. त्या सभेच्या मागण्या भीमाच्या मागण्यांसारख्याच होत्या. मधल्या काळात कायदे झाले होते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून 1959 चा नियम होता आणि 1970 मध्ये तो आणखी कडक झाला होता. इथले लोक त्याला ‘वन सेव्हन्टी’ म्हणतात. कायदा कागदावर राहिला आणि जमीन जात राहिली.

आजचा प्रश्न वाघामुळे पुढे आला आहे. ताडोबा आणि टिपेश्वर वाघांनी भरले. तिथले तरुण नर नवी जागा शोधत बाहेर पडतात. 2019 मध्ये टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ महाराष्ट्र आणि तेलंगण पायाखाली घालत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. 2024 च्या नोव्हेंबरात वनखात्याने ‘जॉनी’ नाव दिलेला एक वाघ किनवटच्या बाजूने जोडीदाराच्या शोधात आला आणि आदिलाबाद-निर्मलच्या डोंगरांतून सुमारे 300 किलोमीटर फिरला. कागजनगरच्या जंगलात तर दहा-बारा वर्षांपासून आलेल्या वाघिणींनी पिल्ले वाढवली आहेत. कवालचा गाभा मात्र रिकामाच राहतो, कारण ताडोबा आणि कवाल यांच्यामधल्या पट्ट्यात रस्ते, रेल्वे, खाणी आणि शेते आहेत. हा पट्टा राखला नाही तर कवालला वाघ टिकणार नाही, हे वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे मला पटते.

त्यासाठी तेलंगण सरकारने मे 2025 मध्ये आसिफाबाद जिल्ह्यातला सुमारे 1,492 चौरस किलोमीटर प्रदेश संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. नाव दिले कुमराम भीम यांचे. तीनशेहून अधिक गावे त्या हद्दीत येत होती. ज्या माणसाने राखीव हद्दीविरुद्ध जीव दिला, त्याचेच नाव राखीव हद्दीला देताना त्याच्या गावांना आधी विचारले गेले नाही, ही या आदेशातली मोठी चूक आहे असे मी मानतो. आंदोलने झाली, बंद पाळले गेले आणि जुलैमध्ये आदेशाला स्थगिती मिळाली.

विचारण्याची पद्धत कायद्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आधी हक्कांची नोंद पूर्ण व्हायला हवी, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचे तर ग्रामसभेची लेखी, माहितीपूर्वक संमती हवी. कवालच्या गाभ्यातली मैसमपेट आणि रामपूर ही दोन गावे 2024 मध्ये निर्मल जिल्ह्यात नव्या जागी गेली. कुटुंबांपुढे 15 लाख रुपये किंवा घर-जमीन असे पर्याय होते. तिथे दिलेल्या जमिनीला पाणी मिळते का, गुरांना चराई आहे का, जुन्या गावच्या देवाला वर्षातून एकदा जाता येते का, हे दरवर्षी तपासून जाहीर केले पाहिजे. गाभ्यात उरलेली गावे या दोन गावांकडे पाहूनच आपले उत्तर ठरवणार आहेत. वाघाने गुरे मारली तर भरपाई किती दिवसांत हातात पडते, यावरही त्यांचे लक्ष आहे, आणि वाघाचे या डोंगरातले भवितव्य माझ्या मते सफारीच्या तिकिटांपेक्षा त्या भरपाईवर जास्त अवलंबून आहे.

उटनूरला मुक्काम करणार असाल तर आदिवासी बायांच्या सहकारी संघाने केलेले मोहफुलांचे लाडू मिळतात, ते घ्यावेत. जैनूरजवळच्या उशेगावला ओझा कारागीर मेण वितळून रिकाम्या झालेल्या मातीच्या साच्यात पितळ ओतून घंटा, दिवे आणि देवमूर्ती घडवतात. आदिलाबादच्या या डोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे दुपारभर थांबायची तयारी ठेवावी. मेणाचा दोरा वळून मातीच्या गाभ्यावर एकेक वेढा बसवायला वेळ लागतो, आणि साचा एकदाच वापरता येत असल्याने तोच तुकडा कोणी पुन्हा हुबेहूब करून देत नाही. वस्तू कारागिराकडूनच घ्यावी आणि सांगितलेली किंमत द्यावी.